करंगळी

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

वेणीवाल्या पोरीने पियानोवर पहिल्यापासून धून वाजवली. सगळी नीट. शेवटचा, अगदी वरच्या टोकाचा स्वर मात्र पुन्हा गिळला. करंगळी पट्टीवर गेली, नुसतं टक् झालं आणि हात मांडीवर आला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. शेवटी मूळ स्वरावर आल्याशिवाय धून घरी पोचत नाही, हे त्यांनी या पोरीला फळ्यावर काढून शिकवलं होतं. कामचुकार करंगळ्या तर त्यांच्या चांगल्या ओळखीच्या. पियानो शिकवण्यात उभी हयात गेली होती. एकीचीच असती, तर समजलं असतं. पण हल्ली झाडून सगळ्या पोरांच्या करंगळ्या ढिल्या पडल्या होत्या. सगळ्यांच्या एकदम? यात काहीतरी काळंबेरं नक्की होतं.

ते बरेच दिवस शिजत होतं. बाई खोलीत शिरल्या की कुजबुज बंद. मग कोपराने एकमेकांना ढोसणं. आपापल्या आवडीची धून निवडा म्हटलं, तर सगळे मेले डावीकडच्या जाड, घोगऱ्या स्वरांचीच निवडत. कोपऱ्यावर नवा क्लास निघाला होता, तिथला तरणा मास्तर पोरांचे कान भरतोय, हे बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पियानोत खोट असणं शक्य नव्हतं. स्वर जुळवणारा नुकताच सगळ्या तारा ठाकठीक करून गेला होता.

"शेवटचं विचारते. पट्टी दाबत का नाहीस? उद्याच्या कार्यक्रमात असंच वाजवायचं असेल, तर घरीच बस."

"दाबतेय की, बाई."

"वर तोंड करून खोटं बोलतेस?"

चोर मुद्देमालासकट पकडायचाच, म्हणून बाईंनी पियानोचं पुढचं फळकूट उचलून बाजूला ठेवलं. आतल्या तारा उघड्या पडल्या, त्यांच्यापुढे हातोड्यांची रांग. "हं, आता दाब. बघतेच मी."

पोरीने करंगळी दाबली. टोकाची इवलीशी हातोडी उठली, तारेवर आपटली, मागे आली.

टक्.

"पुन्हा."

हातोडी आपटली. टक्. पोरीची करंगळी दाबून दाबून लाल झाली होती. बाईंनी तिचा हात बाजूला सारला आणि स्वतः पट्टी दाबली. दुसऱ्या हाताचं बोट तारेला लावलं. तार बोटाला झिणझिणली. कानाला काहीच आलं नाही.

बाई स्टुलावर मटकन बसल्या. कान गेलेल्या बाईकडे कोण आपली पोरं पाठवणार? उद्या सगळे आईबाप समोर बसणार होते.

बाकीची पोरं दारात येऊन उभी राहिली होती. आज कुणी कुणाला ढोसलं नाही. वेणीवालीने ते जड फळकूट कसंबसं उचलून जागच्या जागी बसवलं. मग ती बाईंच्या अगदी जवळ आली आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाली,

"बाई, आम्ही घरी कुणालाच सांगितलेलं नाही."