सोपी वाट

डोंगरावर जाणाऱ्या नव्या सायकलवाटेच्या पाटीवर मोजणीवाल्या ताईंनी 'अवघड' लिहिलं होतं, कारण पाच किलोमीटरमध्ये पाचशे मीटरचा चढ होता. साहेबांनी ते पुसून 'सोपी' करायला लावलं. तेव्हापासून अर्ध्यातून परतणारे सायकलवाले ताईंच्याच टेबलाशी येऊन भांडायचे. एक आजोबा तर धापा टाकत म्हणाले, "बाई, ही सोपी, तर अवघड वाटेवर काय खांदेकरी देता का?"

शेवटी ताईंनी साहेबांना गळ घातली, "एकदा स्वतः सायकलवर जाऊन बघा."

"बघतो की! पण सोपी निघाली, तर पाटीवरचं एक अक्षरही बदलायचं नाही."

रविवारी साहेब सहकुटुंब गेले आणि शीळ घालत परतले. "अहो, पायडलसुद्धा मारावं लागलं नाही!"

ताईंनी ऑफिसच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "सायकली जीपनं वर नेल्या होत्या, ताई. साहेबांची पाहणी नेहमी वरूनच सुरू होते."

 

दुसऱ्या दिवशी ताईंनी पाटीवरचं एकही अक्षर न बदलता ती पायथ्यावरून उपटली आणि माथ्यावर नेऊन रोवली.