पुस्तक कळलं का?

"आई, अर्थशास्त्राचं पुस्तक कळलं का गं?" साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून लेकाने कॅनडाहून विचारलं.

"छे रे, महागाईच्या प्रकरणातच अडकलेय. समजावून सांग की."

तो अर्धा तास समजावत राहिला. महागाई मला न कळायला काय झालं? मंडईत मीच जाते. पण कळलं म्हटलं, की आमचं बोलणं 'जेवलास का'वर संपतं. म्हणून त्याने सुचवलेली धंद्याची, अर्थशास्त्राची पुस्तकं मी आधी पूर्ण वाचते आणि मगच अडते.

पुढच्या रविवारी विज्ञानकथा होती. दूरच्या ग्रहावर एकटा राहिलेला माणूस रोज पृथ्वीला तिथलं हवामान कळवतो, एवढीच गोष्ट.

"हे तर डोक्यावरूनच गेलं असेल तुझ्या," तो हसत म्हणाला.

"नाही रे. हे पहिल्या पानालाच कळलं."

त्याचं हसणं थांबलं. फोन कट झाला वाटून मी बघितलं, तर लेक तिथेच होता, खाली मान घालून.

"आई, मला नाही कळलं," तो हळूच म्हणाला. "तो रोज हवामान का कळवतो गं? समजावून सांग ना."

मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढली.