कवच सैल होईपर्यंत

शर्यतीत गाडीची धडक होताच चालक उदयनच्या अंगावरील कवच पाषाणासारखे कठीण झाले आणि त्याचे एकही हाड मोडले नाही. मात्र हृदय शांत झाल्यावाचून ते पुन्हा मऊ होत नसे; देह भयभीत आहे तोवर संकट टळलेले नाही, असेच ते मानीत असे.

उदयनला मानही वळवता येईना.

"ताई, मागे आग लागलीय का गं? वास येतोय."

नियंत्रणकक्षात बिनतारी यंत्रावर त्याच्याशी बोलणाऱ्या त्याच्या बहिणीला, हेमांगीला, पडद्यावर ज्वाळा स्पष्ट दिसत होत्या. मदतपथक अजून दूर होते. शर्यतीत चालकाशी असत्य बोलायचे नाही, हे व्रत तिने आजवर पाळले होते. म्हणूनच तिच्या शब्दावर तो निःशंकपणे आंधळी वळणे घेई.

"टायर घासल्याचा वास आहे रे. झुरळाला घाबरून पलंगावर चढायचास, तसाच आहेस अजून!"

तो हसला. श्वास संथ झाला, कवच सैलावले. बाहेर पडून धावताना त्याने मागे पाहिले, तेव्हा त्याचे आसन पेटले होते.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "ताई, पुढच्या वेळी तू खरं सांगितलंस, तरी माझं हृदय ऐकेल का?"

खरे उत्तर हेमांगीला ठाऊक होते: नाही.