शनिवारी दुपारचं हळदीकुंकू

"तक्रार करणारीचं नाव तुम्हीच फोडलंत, कॅप्टन. ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं."

डिटेक्टिव्ह नीना हे दार उघडं ठेवूनच बोलली. बाहेरच्या टेबलांवर माना खाली गेल्या. कॅप्टन हसला. "साक्षीदार आण, मग तोंड उघड."

कुठून आणणार? न्यू जर्सीतल्या त्या बाजारात देशी दुकानांचा कचरा एकाच टोळीचे ट्रक उचलत. दुसरा ट्रक बोलावला की दुकान पेटायचं. शोभनाकाकूंनी एवढंच नीनाच्या कानावर घातलं, आणि त्यांच्या पोळीभाजीच्या दुकानाचा कोळसा झाला. तेव्हापासून सगळा बाजार मुका. पोलीस ठाण्यासमोर टोळीची काळी गाडी राजरोस उभी असायची. आत कोण जातंय, ते बघायला.

"सॉरी काकू. मी केस क्लोज करते," नीनाने शोभनाकाकूंना सांगितलं.

"क्लोज करतेय! मेल्यांचा मुडदा बशिवला!" काकू कडाडल्या. "ठाण्यात कोण मरायला येईल? संक्रांत झालीय. घरी हळदीकुंकू ठेव. बोलावणी मी करते."

"मला नाही येत ते. आई करायची."

"दार उघडता येतं ना? बास."

शनिवारी काळी गाडी नीनाच्या घरासमोर आली. आतल्या माणसाला दिसल्या नुसत्या बायका. जरीच्या साड्यांवर जाडजूड जाकिटं, बर्फात निऱ्या उचलून चाललेल्या. नवरे आपापल्या गाड्यांत हीटर लावून बसलेले. टोळी नजर ठेवायची ती ह्या नवऱ्यांवर. दुकानात दिवसभर कोण उभं असतं, हे त्या शहाण्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. माणसाने जांभई दिली.

घरात तिळगूळ झाला, वाण झालं. आतल्या खोलीत उसनी पैठणी नेसून, पिना टोचून हैराण झालेली एक गोरी बाई बसली होती. नीनाने गुपचूप बोलावलेली फेडरल सरकारची वकील. समोर साक्षी नोंदवायला कॅमेरा. पण उठेना कोणी.

शेवटी चहावाली नेत्रा उठली. "यार, मीच जाते. नाहीतर सगळ्या लाडू खाऊन घरी जाल."

ती गेली. मग दुसरी. मग दारापाशी रांग लागली.

संध्याकाळी नीना कॅप्टनच्या खोलीत शिरली. दार उघडंच ठेवलं.

"मिळाला साक्षीदार?"

"दुकान जळलं त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही टोळीच्या म्होरक्याबरोबर चहा प्यायलात. नेत्राच्या दुकानात, मागच्या टेबलावर. नाव घेतलंत तेव्हा कप घेऊन ती शेजारीच उभी होती. तुम्ही मान वर करून तिच्याकडे बघितलंही नाही."

कॅप्टनने मान वर केली. दारात वकीलबाई होती, कपाळावर अजून कुंकू. तिच्या मागे, काळ्या गाडीच्या नाकासमोरून चालत आलेल्या सगळ्या साड्या. त्यांना बाजूला सारत एक ठेंगणी बाई पुढे आली आणि आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत गरजली.

"मी शोभना. माझं नाव कितीला विकलंस? बोल!"