रोटाव्हेटरचा गाडा

दुपारच्या शांततेत पाळण्याची कडी कुरकुरली. तान्ह्याला झोका द्यायला कुंदा उठली, तेव्हा खिडकीतून तिला अंगणात दीर दिसला.

नवरा गेल्यापासून ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करायचा रोटाव्हेटर तिच्या शेडमध्ये पडून होता. ट्रॅक्टर तिला चालवता येत होता, पण त्याला जोडताना ते जड धूड सरकवायला चार गडी लागत. "बघू उद्या," म्हणत दिराने हंगाम घालवला. शेवटी तिने भंगारातल्या ट्रॉलीचे लोखंडी अँगल वेल्डरकडे नेऊन चाकांचा गाडा करून घेतला. काल जॅक लावून रोटाव्हेटर त्यावर घेतला, तर तो तिला एकटीला ढकलता आला! थोरल्या लेकीने वर बसून फेरीही मारली. सोमवारपासून लोकांच्या रानात रोटाव्हेटर मारायला ती स्वतः जाणार होती.

आता तोच गाडा दीर एकटा ढकलत आपल्या शेडकडे नेत होता.

"भाऊजी, माझा रोटाव्हेटर कुठं नेताय?" ती धावली.

"तुमचा कसा? माझ्या भावाचा तो. गाडा मात्र झकास केलात वहिनी, माझे चार गडी वाचले!"

शेडला कुलूप पडलं. लेकीने कुंदाचा पदर ओढला.

"आई, त्याला चाकं कशाला लावलीस?"