पुस्तकात असं नव्हतं

"कुत्रा कुठाय?" सासूबाईंनी विचारलं.

पडद्यावर नावाड्याची मुलगी होडीचा दोर सोडत होती. होडीत ती एकटीच होती. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मान वळवून मागे पाहिलं.

"येईल हो आई, येईल," सून कुजबुजली.

"आता कधी यायचा? होडी निघाली की! एवढा थोरला कुत्रा खाल्ला या लोकांनी."

सुनेच्या पलीकडे तिची लेक बसली होती. सिनेमाला यायचं म्हणून तिने मुद्दाम मूळ कादंबरी वाचून काढली होती. पुस्तकात ढवळाढवळ करणाऱ्या दिग्दर्शकांना ती कधी माफ करत नसे. ती आईच्या कानाशी लागली.

"मम्मी, पुस्तकात कुत्रा नाहीच आहे."

"आहे," सून म्हणाली. "जुन्या आवृत्तीत."

जुनी आवृत्ती म्हणजे ती स्वतःच होती. फार वर्षांपूर्वी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, तेव्हा रोज दुपारी तिने ही कादंबरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. कुत्रा तिनेच घातला, सासूबाईंना कुत्री आवडायची म्हणून. शेवटही तिनेच बदलला. पुस्तकात वादळात होडी उलटते आणि नावाड्याची मुलगी बुडून मरते. पण सासरे नुकतेच गेले होते. घरात आणखी एक मरण वाचून दाखवायला तिची जीभ रेटली नाही.

पुढे पट्ट्या निघाल्या, डोळेही बरे झाले, पण पुस्तकाची बारीक अक्षरं काही सासूबाईंना पुन्हा लागली नाहीत. पडदा मात्र चांगला मोठा होता. सिनेमा लागल्यापासून सुनेने टाळाटाळ करून पाहिली. गुडघा दुखतोय म्हणाली, तिकिटं मिळत नाहीत म्हणाली. शेवटी सासूबाईंनी नातीला हाताशी धरून परस्पर तिकिटं काढवली.

"मुलगी बरी आहे," सासूबाई सांगत होत्या. "पण वल्हं बघ कसं धरलंय, केरसुणी धरावी तसं. बाप मात्र शोभतो हो. तस्साच आहे, चिडका. आणि हे गाणं कसलं मध्येच? वादळ आलंय बाई, आधी काठाला लाग!"

वारा सुटला. नदी फुगू लागली. सुनेला शेवट ठाऊक होता. आता कळणार. इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाईंनी जी गोष्ट कौतुकाने सांगितली, ती पुस्तकात नव्हतीच, हे आता त्यांना कळणार. आणि ती मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत मरणार.

होडी उलटली. पाण्यातून एक हात वर आला, दिसेनासा झाला. पुढचे गृहस्थ रुमाल शोधू लागले. सून पडद्याकडे बघतच नव्हती. ती सासूबाईंकडे बघत होती.

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं होतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या त्या बाई, कुणी झग्याला उलटी बाही लावून आणावी तशा पडद्याकडे बघत होत्या.

"काहीतरीच!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "अहो, बुडत नाही ती!"

रुमालवाले गृहस्थ गर्रकन वळले. "नाही बुडत?"

"छे! पुस्तकात असं नाहीच मुळी. कुत्रा पदर धरून काठापर्यंत ओढत नेतो तिला. म्हणून तर मघापासून विचारतेय, कुत्रा कुठाय!"

आसपास कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी हसलं. गृहस्थांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई, सांगितलंत. माझा जीव नुसता खालीवर झाला होता."

दिवे लागले तेव्हा सासूबाईंचा चेहरा परीक्षेचे पेपर तपासून झालेल्या बाईंसारखा दिसत होता. "वीस मार्क," बाहेरच्या बाकावर टेकत त्यांनी निकाल दिला. "तेही बापाचे."

लेक समोर उभी होती. तिच्या खांद्याच्या पिशवीत कादंबरी होती आणि हात पिशवीच्या चेनवर. खोटं ऐकून घेणारी ही पोर नव्हती. शाळेत असताना बाईंनी धडा गाळून शिकवला म्हणून भर वर्गात उभी राहून भांडली होती.

"आजी," लेक म्हणाली.

"काय गं?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. मग लेकीने आजीकडे पाहिलं. आजी अजून त्या दिग्दर्शकावर गुरगुरत होती, आणि इतकी खुशीत होती की पाय बाकाखाली लहान मुलासारखे हलत होते.

चेनवरचा हात खाली आला.

"माझ्याकडची आवृत्ती नवी आहे ना, बरंच गाळलंय तीत. कुत्र्याने बाहेर काढल्यावर पुढे काय होतं?"

"गाळलंय? बघ, म्हणजे सिनेमावाल्यांनी तीच वाचली असणार!" सासूबाईंनी सुनेकडे बोट केलं. "हिला विचार. वाचलंय हिने, मी नुसतं ऐकलंय."

रुमालवाले गृहस्थ जवळच वाकून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली तरी ते वाकलेलेच राहिले.

सून सासूबाईंच्या शेजारी बाकावर टेकली. "पुढे... ती पलीकडच्या काठालाच राहते. शिवणाचं दुकान काढते."

"एकटीच?" लेकीने विचारलं.

"एकटीच. चांगलं चालतं दुकान. लांबून लांबून बायका येतात. दुकानाच्या दाराला निळा पडदा असतो, तो सारून..."

"हिरवा," सासूबाई म्हणाल्या. "नीट वाच की गं."