घंटेची दोरी

याकोब चर्चला जायला निघाला, तर शेजारची हौसामावशी फणी आणि तेलाची बाटली घेऊन त्याच्याच पायरीवर बसलेली. तिचा उजवा हात लुळा होता आणि केस मोकळे.

"तुझी एस्तेर दर रविवारी माझी वेणी घालायची. ती गेल्यापासून नुसता गुंता झालाय. आज तू घाल."

याकोब थबकला. उपासनेची घंटा तोच वाजवायचा. बायकोला माती दिली त्या आठवड्यातही घंटा चुकली नव्हती. एस्तेर मात्र कायम पहिलं गीत संपल्यावर यायची. "घंटावाल्याच्या बायकोलाच घंटा ऐकू येत नाही," म्हणून मंडळीतले लोक हसायचे. तीही हसायची, पण कारण तिनं कधी सांगितलं नाही.

"तुझी घंटा वाजली की ती म्हणायची, 'आलेच प्रभू, एवढी वेणी होऊ दे,'" मावशी म्हणाली.

याकोब तिच्यामागे बसला आणि तेल चोळून गुंता सोडवू लागला.

"अरे, हळू! घंटेची दोरी आहे का ती?" मावशी ओरडली. वेणी झाल्यावर ती चाचपून म्हणाली, "वाकडी झालीय. पुढच्या रविवारी नीट घाल."

चर्चच्या दारात मंडळी ताटकळत उभी होती. "घंटा विसरलात की काय?" पाळकांनी विचारलं.

"विसरलो नाही. एस्तेरचं एक काम राहिलं होतं."

त्यानं दोरी ओढली. उशिरा, धापा टाकत आलेल्या एस्तेरच्या हातांना यायचा, तोच खोबरेलाचा वास आता दोरीला येत होता.